टॅलबटचें चक्र आणि सूक्ष्म-एलईडीचा ठिपका

श्रोतेहो, दिव्याची वात खालीं ओढली कीं उजेड मंद होतो, हें कंदिलापुढें बसून ज्यांनीं अभ्यास केला त्यांस सांगावयास नको. परंतु किती मंद? निम्मा कीं तृतीयांश? हा प्रश्न विचारतांच आपला डोळा निरुत्तर होतो. सूक्ष्म-एलईडीच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यास हाच प्रश्न सेकंदांतून साठ वेळां विचारला जातो, आणि तेथें उत्तर चुकून चालत नाहीं. त्या उत्तराचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

डोळ्याचा हा दुबळेपणा प्रथम नीट ओळखला तो प्येर बुगेर या फ्रेंच पंडितानें. एक उजेड दुसऱ्याच्या किती पट आहे हें डोळ्यास सांगतां येत नाहीं. मात्र शेजारीं ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत कीं नाहींत, याचा निवाडा तो उत्तम करतो. म्हणून बुगेरनें मेणबत्ती दूर नेऊन दोन्ही उजेड सारखे केले आणि अंतराच्या वर्गावरून प्रमाण काढलें. सूर्याचा प्रकाश पूर्णचंद्राच्या सुमारें तीन लक्ष पट आहे, असा त्याचा हिशेब होता. त्याचा ग्रंथ १७२९ सालचा.

पुढें असें आढळलें कीं, डोळा बेरजेनें मोजीत नाहीं, पटीनें मोजतो. १८५६ सालीं पॉगसन या इंग्रज ज्योतिषानें ताऱ्यांच्या प्रती ठरविल्या त्या याच तत्त्वावर. एका प्रतीपासून दुसरीपर्यंत २.५१२ पट. (हेच पॉगसन पुढें मद्रासच्या वेधशाळेवर आले आणि १८९१ सालीं तेथेंच वारले.) अंधारांत एक पणती वाढली तर लगेच जाणवते; शंभर पणत्यांत एक वाढली तर कोणाचें लक्षही जात नाहीं.

परंतु आजच्या विषयाचा खरा नायक हेन्री फॉक्स टॅलबट. छायाचित्रणामुळें त्याचें नांव झालें. माझ्या मतें त्याच्या १८३४ सालच्या निबंधाकडे मात्र जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं. एका चकतीचा अर्धा भाग कापून ती दिव्यापुढें वेगानें फिरवावी. डोळ्यास लुकलुक दिसत नाहीं. उजेड मात्र बरोबर निम्मा होतो. चतुर्थांश भाग मोकळा ठेवला तर चतुर्थांश. दिव्यास हात न लावतां त्याचा उजेड हव्या त्या प्रमाणांत कमी करण्याची ही युक्ति! बेल्जियमच्या जोसेफ प्लातोनें पुढच्याच वर्षीं त्यास दुजोरा दिला, म्हणून हा नियम दोघांच्या नांवानें ओळखला जातो. डोळ्याचा हा अभ्यासक १८४३ सालीं पूर्ण अंध झाला, तरी आप्तेष्टांच्या डोळ्यांनीं पाहून त्यानें आपले प्रयोग चालूच ठेवले.

आतां एलईडीकडे वळूं. १९०७ सालीं राउंड यास कार्बोरंडमच्या खड्यांत विजेनें उजेड पडतांना दिसला. १९६२ सालीं होलोन्याक यांनीं तांबडा दिवा केला. १९९३ सालीं जपानांत नाकामुरा यांनीं प्रखर निळा. २००० सालीं अमेरिकेंतील कॅन्सास स्टेट विद्यापीठांत जियांग व लिन यांनीं या दिव्यांचें अतिसूक्ष्म रूप सिद्ध केलें, आणि २०१२ सालीं सोनी कंपनीनें सुमारें ६० लक्ष दिव्यांचा ५५ इंची पडदा लोकांपुढें मांडला.

येथेंच अडचण उभी राहिली. वीजप्रवाह कमी करून हे दिवे मंद करावे, तर हिरव्याची छटा बदलते. शिवाय इतक्या लहान दिव्याच्या कडांवरील दोषांत पुष्कळशी वीज उजेड न पडतां वाया जाते, आणि तीही प्रत्येक दिव्यांत निराळी. परिणामीं काळोख्या देखाव्यांत पडदा डागाळलेला दिसतो.

तेव्हां टॅलबटचें चक्र पुन्हा उपयोगीं पडलें. प्रवाह ठराविकच ठेवावयाचा. कमीजास्त करावयाचा तो दिवा पेटता राहण्याचा काळ. मात्र हा काळ २५६ सारख्या पायऱ्यांत वांटला तर भागत नाहीं. कारण पहिलीवरून दुसरीवर जातांना उजेड एकदम दुप्पट होतो, आणि अंधारांत डोळा तें तत्काळ पकडतो. ६५,५३६ पायऱ्या करावयाच्या तर सर्वांत लहान पायरी सेकंदाच्या सुमारें ३९ लक्षाव्या भागाइतकी येते. एवढ्या अवधींत दिवा नेमका पेटविणें-विझविणें त्यास चालविणाऱ्या मंडलास अवघड जातें! म्हणून अगदीं मंद छटांसाठीं काळाबरोबर प्रवाहही थोडा उतरवितात, आणि कॅमेऱ्याच्या चित्रांत पट्टे उमटूं नयेत म्हणून पेटण्याचा काळ लहान लहान तुकड्यांनीं विखुरतात.

इतकें करूनही दिव्यादिव्यांतील फरक उरतोच. त्यासाठीं कारखान्यांत तयार पडद्याचें छायाचित्र घेऊन प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता मोजतात, आणि ज्याची त्याची दुरुस्ती पडद्याच्याच स्मरणकोशांत नोंदवून ठेवतात.