घडीचा कागद कुठून आला?

मुलांना घेऊन घोटीव कागदाचे भिरभिरे किंवा बगळा करायला बसले, की त्या उद्योगाला आपण सहज ‘ओरिगामी’ म्हणतो आणि सगळे श्रेय जपानला देऊन मोकळे होतो. बगळ्यापुरते ते रास्तच आहे. एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले क्रौंच कसे करावेत हे सांगणारे ‘हिदेन सेंबाझुरू ओरिकाता’ हे पुस्तक क्योतोत १७९७ साली छापले गेले. मात्र त्याच्या नावात ‘ओरिगामी’ नाही, ‘ओरिकाता’ आहे. ‘ओरिगामी’ हा शब्द तेव्हा घडी घातलेल्या दस्तऐवजाला, तलवारीच्या अस्सलपणाच्या दाखल्यालाही लावत. घडीकामाची जपानी परंपरा जुनी आहे, पण भेटवस्तू बांधण्याचे, लग्नविधीचे शिष्टाचार हा तिचा मोठा भाग होता. लहान मुलाच्या पुढ्यात चौकोनी कागद ठेवून ‘आता याच्या कर्णावर घडी घाल’ म्हणण्याची शिस्तशीर पद्धत मात्र बालवाडीतून आली, असे मला वाटते.

या पद्धतीचा उगम जर्मनीत आहे. फ्रीडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या शिक्षणक्रमात विणकाम, मातीकाम यांच्या जोडीला कागदाच्या घड्या होत्या. भूमितीच्या घड्या, नक्षीच्या घड्या आणि होडी-पेटीसारख्या रोजच्या वस्तूंच्या घड्या, अशी अनुयायांनी त्यांची वर्गवारी लावली. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली ती १८६० पर्यंत टिकली. पण कल्पना तोवर परदेशी पोचली होती. टोकियोत १८७६ साली शिक्षिका-विद्यालयाला जोडून बालवाडी निघाली, तेव्हा मुख्य शिक्षिका होत्या जर्मनीत जन्मलेल्या क्लारा मात्सुनो. म्हणजे जपानी मुलांच्या हातात शाळेतला घडीचा कागद आला तो काही अंशी जर्मनीचा वळसा घेऊन.

यावर आक्षेप असा, की शाळा नसतानाही मुले होड्या करतच होती, आणि युरोपातही घडीकाम फ्रोबेलच्या आधीचे आहे. खरे आहे. पाडुआत १६२९ साली छापलेल्या माटिया जिगेरच्या ग्रंथात मेजावरच्या रुमालांच्या थक्क करणाऱ्या घड्या आहेत. पण मेजवानीची शोभा वाढवणे वेगळे आणि घडीतून मुलाला कोन, मध्य, समानता उमगणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या बालवाड्यांतले घडीकाम पुढे सूचनेबरहुकूम चालणारी कवायत झाले, तेव्हा त्याचा एवढा गौरव कशाला? कवायत झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही या कागदात कवायतीपलीकडचे काही होते, याचा पुरावा मद्रासचा आहे.

टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला निघाले. कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या संचावरून सुचली, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले. त्या संचात दोनशे रंगीत चौकोनी कागद असत. त्याच पोरखेळाच्या कागदातून राव समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन काढत शंकुच्छेदांपर्यंत जातात. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने या पुस्तकाचा उल्लेख केला; तो वाचून बेमन आणि स्मिथ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती काढली आणि आकृत्यांच्या जागी प्रत्यक्ष घडी घातलेल्या कागदांची छायाचित्रे छापली. जर्मनीच्या बालवाडीतला कागद मद्रासमार्गे जर्मन गणितज्ञाच्या मेजावर परतला, तोही आपल्याकडचा एक अध्याय जोडून. आज घरातल्या खेळाला ‘ओरिगामी’ म्हणताना हा अध्याय गळतो. विसाव्या शतकात अकिरा योशिझावांनी त्या नावाला कलेची प्रतिष्ठा दिली, हिरोशिमाच्या सादाको सासाकी या मुलीच्या क्रौंचांनी ते जगभर नेले, त्यामुळे ते रुळले यात नवल नाही. पण मुलाने चौकोनाची कर्णावर घडी घातली, ती उलगडली आणि मधल्या रेघेवर बोट फिरवले, तर तो बगळा करत असला तरी त्या क्षणी सुंदर रावांचाच धडा गिरवत असतो.