अंबाबाई मंदिर, कोल्हापूर : गाभारा, परिवारदेवता आणि प्रांगण

करवीरनिवासिनी महालक्ष्मीचे हे देवालय कोल्हापूरच्या जुन्या पेठांच्या मध्यावर आहे. कोल्हापूरकर देवीला अंबाबाई म्हणतात. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. दर्शनरांगेतून आलेला भाविक बहुधा गाभाऱ्यापुढे हात जोडून बाहेर पडतो. त्यामुळे आवारातील इतर देवस्थाने पाहायची राहून जातात आणि देवीचे निम्मे रूप त्याला कळत नाही. शिव, विष्णू, सूर्य, गणपती, ग्रह आणि भैरव यांना या आवारात देवीच्या संदर्भाने जागा दिलेली आहे. ती जागा समजून घेतली की मंदिराची रचना आपोआप उलगडते.

मंदिर काळ्या दगडाचे आहे. त्याला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते, पण ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते तो हेमाद्री तेराव्या शतकातला आणि मूळ बांधकाम त्याच्या आधीचे. आवारातील शिलालेखांत शिलाहार व यादव या दोन्ही राजवटींच्या खुणा आहेत. शिखरे मात्र बरीच अलीकडची असून खालच्या दगडी कामाशी त्यांचा मेळ बसत नाही. मंदिराचे वैभव भिंतींत आहे. तारकाकृती मांडणीमुळे बाहेरची भिंत सारखी कोन घेत पुढे सरकते आणि प्रत्येक कोनावर योगिनी, सुरसुंदरी, वादक यांच्या मूर्ती येतात. यातल्या बऱ्याच मूर्तींचे हात, नाक, चेहरे भंगलेले आहेत. तरीही वस्त्राच्या चुण्या आणि दागिन्यांचे बारकावे अजून स्पष्ट दिसतात. प्रदक्षिणेत पाय उचलण्याची घाई न केलेलीच बरी.

गाभाऱ्यातील मूर्ती सुमारे पावणेतीन फूट उंचीची, चतुर्भुज आणि उभी आहे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र आहे. मस्तकावर नाग व लिंग, पाठीशी सिंह. रोजच्या साडीचोळीत आणि अलंकारांत यांतले बरेचसे झाकले जाते. सिंह तर दिसतच नाही. देवी विष्णुपत्नी लक्ष्मी की शिवाची शक्ती, हा वाद कोल्हापुरात जुना आहे. मूर्तीची लक्षणे शक्तिरूपाकडे झुकतात, हे मान्य करावे लागते. पण आवारात दोन्ही परंपरा शेजारी नांदत आल्या आहेत, आणि ते या स्थानाचे मोठेपण आहे. राजकीय धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती. करवीरकर संभाजी छत्रपतींच्या काळात तिची पुन्हा स्थापना झाली; त्यासाठी बहुतेक ठिकाणी १७१५ हे साल दिले जाते. झीज लक्षात घेऊन मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबवण्यात आले आणि ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले.

अंबाबाईच्या दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती यांचे स्वतंत्र गाभारे आहेत. देवीमाहात्म्यातील तीन चरित्रांच्या या तीन अधिष्ठात्री देवता इथे एकाच वास्तूत, एकाच सभामंडपाभोवती आहेत. नवरात्रात सप्तशतीचा, म्हणजे याच देवीमाहात्म्याचा, पाठ इथे ऐकताना जे ऐकू येते ते समोर दगडात उभे असते.

सर्वांत महत्त्वाचे उपदेवालय जमिनीवरून दिसत नाही. अंबाबाईच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग असून त्याच्यापुढे नंदी आहे. खाली मूर्तीच्या मस्तकावर कोरलेले लिंग आणि वर मजल्यावर स्थापलेले लिंग ही जुळणी योगायोगाची नाही. मूर्तीतली कल्पना वास्तूत पुन्हा उतरवलेली आहे. हे मंदिर एरवी बंद असते. श्रावणातल्या गर्दीत वर चढून गेलेल्यांनाच ही मांडणी प्रत्यक्ष अनुभवता येते.

मुख्य देवालयापुढचा गरुडमंडप मूळचा एकोणिसाव्या शतकातला आहे. चौकोनी लाकडी खांब आणि महिरपी ही त्याची मराठा घडण. मंडपाबाहेर चौथऱ्यावर गरुड आणि आत गणपती आहे. दोघांची तोंडे देवीकडे. गरुड विष्णूचे वाहन, तर गणपती पार्वतीचा पुत्र; वर सांगितलेल्या वादाच्या दोन्ही बाजू इथे देवीपुढे एकत्र उभ्या आहेत.

पूर्वेच्या बाजूस शेषशायी विष्णूचे मंदिर आहे. त्याच्या मंडपाच्या छतात जैन मूर्ती कोरलेल्या असल्याने ही वास्तू मुळात जैन असावी, असे जुने अभ्यासक मानतात. शिलाहारांच्या काळात करवीर म्हणजे कोल्हापूर हे जैनांचेही मोठे केंद्र होते, तेव्हा यात नवल नाही. नवग्रहांचे मंदिर, विठ्ठल-रखुमाई, राम, दत्त, काळभैरव, तुळजाभवानी, व्यंकटेश यांची स्थाने आवारात विखुरलेली आहेत. त्यांतली काही ओवरीएवढीच आहेत. शहरातली कितीतरी घरे आपल्या कुळाचाराची उजळणी याच छोट्या देवळांत करतात. घाटी दरवाजाजवळचे मणिकर्णिका कुंड बुजवून त्यावर बाग केली गेली होती. अलीकडच्या वर्षांत उत्खननाने ते मोकळे होऊ लागले. कुंडाकाठी विश्वेश्वर महादेव आहे. काशीतली नावे इथे का आहेत, याचे उत्तर करवीराला ‘दक्षिण काशी’ मानणाऱ्या श्रद्धेत आहे.

आवाराला चार दरवाजे आहेत : पश्चिमेचे महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा, पूर्व दरवाजा आणि दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा. देवी पश्चिमाभिमुख असल्याने महाद्वाराला विशेष अर्थ आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात. गरुडमंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा त्यांचा प्रवास असतो. गाभाऱ्यात दिवे मालवलेले असतात. किरणे कटांजनावरून (कठड्यावरून) देवीच्या चरणांवर येतात, मग गुडघे, कंबर, छाती असे चढत जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळ आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत त्यांनी पोहोचावे, अशी अपेक्षा असते. आकाशात ढग वा धूलिकण असले, की ती मध्येच लुप्त होतात. महाद्वारासमोरच्या वाढत्या बांधकामांचाही अडथळा होतो. किरणांची वाट मोकळी ठेवणे हे मूर्तीच्या संवर्धनाइतकेच गरजेचे आहे, कारण तो मार्ग मूळ वास्तूचा भाग आहे.

देवी स्वतःही आवारात अडकून राहत नाही. दर शुक्रवारी रात्री तिची पालखी निघते. आश्विन शुद्ध पंचमीला ती शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीस जाते आणि तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. अष्टमीच्या रात्री तिची नगरप्रदक्षिणा निघते. मंदिराचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे.