वारेचे भक्षण : समज आणि वास्तव

गर्भाशयात बाळाला प्राणवायू व पोषण पुरविणारा तात्पुरता अवयव म्हणजे वार. आयुर्वेदात तिला ‘अपरा’ म्हणतात. सुमारे अर्धा किलो वजनाची ही वार बाळाच्या जन्मानंतर साधारणतः अर्ध्या तासात बाहेर पडते. बाळंतिणीने ती शिजवून किंवा वाळवून कॅप्सूलच्या रूपात खाल्ल्यास अंगात रक्त भरते, दूध वाढते आणि मनाची उदासी टळते, असा समज गेल्या काही दशकांत अमेरिका व युरोपात पसरला.

महाराष्ट्रातील रीत मात्र वार पुरण्याची आहे. घरी बाळंतपण होई तेव्हा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू नये म्हणून ती घराजवळ खड्डा खणून पुरली जात असे. गाय-म्हैस व्याल्यावर तिने जार खाऊ नये म्हणून शेतकरीही राखण करतो. बाळंतिणीची झीज भरून काढण्यासाठी आपल्याकडे डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, खारीक-खोबरे यांची योजना आहे.

वसई पूर्वेतील सातिवलीसारख्या औद्योगिक परिसरात ना अंगण उरले, ना सुईण. रुग्णालयातील प्रसूतीत वार हा जैववैद्यकीय कचरा ठरतो. २०१६ च्या नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीत जमा करून सामान्यतः भस्मीकरणासाठी पाठवावी लागते.

वार खाण्याचे फायदे सिद्ध झालेले नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा माणसांतील लाभाचा भरवशाचा पुरावा आढळला नाही. नेवाडा विद्यापीठाच्या एका छोट्या चाचणीत काही बाळंतिणींना वारेच्या, तर काहींना गोमांसाच्या कॅप्सूल देण्यात आल्या. दोन्ही गटांच्या शरीरातील लोहात लक्षणीय फरक दिसला नाही.

धोका मात्र खरा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका नवजात बाळाला ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ या जिवाणूचा रक्तसंसर्ग पुन्हा झाला. त्याची आई वारेच्या कॅप्सूल घेत होती आणि तोच जिवाणू त्या कॅप्सूलमध्ये सापडला. उपचारांनी बाळ बरे झाले. तेथील रोगनियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध करून अशा कॅप्सूल टाळण्याचा सल्ला दिला.

तथापि, ज्या तक्रारींवर हा उपाय शोधला गेला, त्या खोट्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यासाठी प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या शासकीय कार्यक्रमातून दिल्या जातात. दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, झोप येत नसेल किंवा बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर तो बाळंतिणीचा हट्ट नव्हे, आजार असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे, अथवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.