सोंगाड्या, सरदार आणि सहा चौकटी

रात्री नऊ वाजले की आमचे अण्णा टीव्ही लावतात आणि आवाज बंद करतात. पडद्यावर सहा चौकटी, सहा चेहरे, खाली लाल पट्टी. कोण कुठल्या पक्षाचा आणि आत्ता काय म्हणत असेल, ते अण्णा स्वतःच बोलून दाखवतात. मी दोन-तीनदा आवाज वाढवून पडताळा घेतला. माणूस फारसा चुकत नाही. वय ७८.

"यांच्यापेक्षा दादाचा हवालदार बरा," असं ते परवा म्हणाले, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

दादा म्हणजे दादा कोंडके. वसंत सबनीसांचा मूळचा 'छपरी पलंगाचा वग' १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' म्हणून रंगमंचावर आला आणि तुफान चालला. त्याची गोष्ट आठवून बघा. कोतवालाची जागा रिकामी झालीय. हवालदाराला बढती हवी, प्रधानाला तिथं आपला माणूस बसवायचाय, आणि हवालदाराला अडकवायला मैनावतीला पुढं केलं जातं. म्हणजे सरळ सरळ भरती घोटाळा! त्यात दादा दर प्रयोगाला ताजं राजकारण घुसडायचे. सकाळी पेपरात आलेलं रात्री हवालदाराच्या तोंडी. लोक हसायचे कारण बातमी त्यांना ठाऊक असायची. ती ठाऊक नसती तर दादांचा निम्मा विनोद हवेत गेला असता.

ही जुनी रीत. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी, आणि बतावणीत सोंगाड्या समोरच्याला आडवे प्रश्न विचारणार. सरदार कितीही मिशीवर ताव देऊ दे, त्याला उत्तर द्यावं लागतं. विषय बदलता येत नाही, कारण पब्लिक समोर बसलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, ते तरी कुठं निष्पक्ष होते? अजिबात नव्हते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख लाल बावट्याचे, हे उघड होतं. आपल्या पुण्याचे निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले. सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि १९५७ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे'मधल्या रोंग्यानं त्यांना ओळख दिली. आणि अत्रे? आम्ही सासवडकर त्यांना आपलाच माणूस समजतो, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे. पण १९५६ मध्ये त्यांनी 'मराठा' काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी, हे काही लपवलं नव्हतं. वाचणाऱ्याला माहीत असायचं की हा बाबा कुठल्या बाजूनं बोलतोय.

पु. ल. १९७७ ला आणीबाणीविरोधात सभांमधून बोलले, निकाल लागला आणि परत आपल्या कामाला लागले. प्रवक्ते झाले नाहीत.

त्यामुळे बाजू असणं हा दोष मी मानत नाही. बाजू घेऊन वर निष्पक्षतेचा कोट घालायचा, हा दोष. आणि त्याहून मोठा दोष बातमीच नसण्याचा. त्यात मीही होतो.

२००७-०८ मध्ये मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या. पुढं काही वर्षांनी मी एका वाहिनीसाठी तालुक्यातून बातम्या पाठवायचो, नगावर पैसे. एका उन्हाळ्यात टँकरच्या रजिस्टरची झेरॉक्स माझ्या हाती आली. रोज चार खेपा लिहिलेल्या, गावात येत होत्या दोन. डेस्कवरून फोन आला: "कागद कोण बघतं? दोन पक्षांचे कार्यकर्ते विहिरीजवळ समोरासमोर आणा." आणले. दोघं फार सभ्यपणे बोलायला लागले, तेव्हा "जरा जोरात होऊ द्या" असं मीच म्हणालो. कॉलर धरली गेली. रात्री त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. चार खेपांचं नावही निघालं नाही.

यामागं धोरणाइतकंच गणितही आहे. प्रवक्ता फुकट येतो. गाडी, कॅमेरा, वार्ताहर गावात पाठवायला खर्च येतो.

अमेरिकेत जॉन स्टुअर्ट नावाच्या विनोदवीरानं ऑक्टोबर २००४ मध्ये सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या डाव्या-उजव्यांच्या भांडणाच्या कार्यक्रमात जाऊन, तुम्ही देशाचं नुकसान करताय, थांबा, असं तोंडावर सांगितलं. जानेवारी २००५ मध्ये वाहिनीनं तो कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं उलटं. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरानं एकनाथ शिंदेंवर विडंबनगीत म्हटलं, तर खारच्या हॅबिटॅटमध्ये शिवसैनिकांनी तोडफोड केली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडा पोचला. मी ज्या चर्चा पाहिल्या त्यांत 'विनोदाची पातळी' यावर तावातावानं बोलणं झालं. हातोडा एका रात्रीत कसा निघाला, हे विचारणारा मला तरी दिसला नाही.

टँकरची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. पुढच्या जत्रेला गावात तमाशा आला. रजिस्टरचं कुणीतरी फडावर सांगितलेलं दिसत होतं. बतावणीत सरदारानं विचारलं, "परजेला पानी मिळतंय का रं?" सोंगाड्या म्हणाला, "मिळतंय की, रोज चार खेपा. कागदावर." "मग पिता काय?" "कागद पिळतो, महाराज."

पुढारी पहिल्या रांगेत बसले होते. टँकर वाढला असं मी म्हणणार नाही, वाढला नाहीच. पण दुसऱ्या दिवशी पारावर लोक आकडे बोलत होते, चार की दोन. एक मावशी मला म्हणाली, "तुझ्याकडं कागद व्हता म्हनं, मग तू का नाही दावला?"

अण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ही पोस्ट ते वाचतीलच.