गाव नमुन्यांपासून संगणकीय सातबारापर्यंत : बहुभागी अहवालाच्या पडताळणीचा इतिहास (विशेष संदर्भ : जिंतूर तालुका)

प्रस्तावना :
एकाच मूळ माहितीतून अनेक भागांचा अहवाल ठरावीक क्रमाने तयार व्हावा आणि दुसऱ्या कोणालाही तोच अहवाल पुन्हा काढता यावा, ही अपेक्षा संगणकशास्त्रात अलीकडच्या काळात रुजली. 2002 मध्ये फ्रिडरिक लाईश यांच्या 'स्वीव्ह' या साधनाने सांख्यिकीय आकडेमोड व अहवाललेखन एकत्र जोडले. तथापि आपल्या महसूल दप्तराची उभारणी त्यापूर्वीच याच तत्त्वावर झाली होती. प्रस्तुत लेखात जिंतूर तालुक्याच्या संदर्भात या परंपरेचा विचार केला आहे.

दप्तराची रचना :
जिंतूर तालुका 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या दप्तरात उर्दू नोंदी व फसली सन आढळतात. 1954-55 चे खासरा पत्रक हा मराठवाड्यातील हक्कनोंदीचा महत्त्वाचा आधार होय. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि तिच्याखालील 1971 च्या नियमांनी अधिकार अभिलेखाची पद्धत निश्चित केली.

गावाचे हिशेब 21 नमुन्यांत विभागलेले असतात. खरेदी किंवा वारसाची नोंद प्रथम नमुना 6 मध्ये फेरफार म्हणून होते. ती प्रमाणित झाल्यावर नमुना 7 बदलतो व त्यानुसार नमुना 8-अ मधील खाते बदलते. पीक पाहणी नमुना 12 मध्ये येते आणि तिचा गोषवारा नमुना 11 मध्ये निघतो. नमुना 7 व 12 मिळून सातबारा होतो. म्हणजेच सातबारावरील नाव कोठून आले, हे फेरफार क्रमांकावरून मागे जाऊन तपासता येते.

संगणकीकरण व पडताळणी :
संगणकाने ही साखळी वेगवान केली. परंतु हस्तलिखित व संगणकीय सातबारात तफावती आढळल्या. क्षेत्राचा एक अंक चुकला तरी पीककर्ज, विमा व वारसाहक्क अडचणीत येतात. म्हणून 2017 मध्ये राज्यात चावडी वाचन घेऊन नोंदी खातेदारांना वाचून दाखविण्यात आल्या. लेखनप्रमादाची दुरुस्ती संहितेच्या कलम 155 अन्वये होते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि 2021 पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागला.

मूळ दप्तराचे मोल 2023 मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कागदपत्रे तपासली. केवळ अंतिम उतारे जपले असते, तर असा शोध शक्यच झाला नसता.

निष्कर्ष :
स्वयंचलित अहवाल जलद असतो. तो विश्वासार्ह ठरतो तो मूळ नोंद, प्रत्येक बदलाचे कारण आणि तपासणाऱ्याचा अधिकार सुरक्षित राहिल्यामुळे. मूळ नोंदच चुकीची असल्यास यंत्र तीच चूक सर्व भागांत बिनचूक उतरविते. म्हणून संगणकीय उताऱ्याबरोबरच तालुक्याच्या अभिलेख कक्षातील जीर्ण कागदांचे जतन होणे अगत्याचे आहे. इतिहासाच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी या दप्तराकडे अभ्याससाधन म्हणून वळावे, असे येथे सुचवावेसे वाटते.