तळटीप : ‘पंधरा, छत्तीस, एकोणचाळीस’

यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत महावेदी आखताना येणारी ही त्रिकोणाच्या बाजूंची मापे, म्हणजे ५, १२, १३ ची तिप्पट. काटकोनाचा पडताळा घेताना सर्वांत मोठी बाजू आधी वेगळी काढावी. तिचा वर्ग उरलेल्या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेइतका भरला, तर तिच्यासमोरचा कोन काटकोन. येथे २२५ + १२९६ = १५२१, हा ३९ चाच वर्ग. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास. युक्लिडने तो आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, मूळ प्रमेयालगत, ४८ वे विधान म्हणून स्वतंत्रपणे सिद्ध केला. शाळेत तो घाईने उरकला जातो याची मला खंत वाटते, कारण प्रत्यक्ष जमिनीवर उपयोगी पडतो तो हाच : पाया आखणारा गवंडी ३, ४, ५ फुटांवर सुतळी ताणून कोपरा काटकोनात आणतो, तो याच्याच भरवशावर.