डॉनिब्रुक : एका जत्रेची बदनामी

इंग्रजीत मारामारीला शब्दांची वाण नाही. दोघांची हातघाई वेगळी, दारूच्या गुत्त्यातली बाचाबाची वेगळी, रस्त्यावरचा दंगा वेगळा. या गर्दीत 'डॉनिब्रुक' हा शब्द मला नेहमी वेगळा वाटत आला आहे. कोण कोणाला मारतो आहे याचा पत्ता नाही, भांडण कशावरून सुरू झाले हे कुणाच्या ध्यानात नाही, आणि बघायला आलेलेही दोन हात करून जातात, अशा धुमश्चक्रीला डॉनिब्रुक म्हणतात. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या वार्तांकनात तो आजही सर्रास भेटतो. तिथे तो छापताना पहिले अक्षर मोठे नसते. म्हणजे हे विशेषनाम नव्हे, सामान्यनाम झाले. आपल्या लिपीत लहान-मोठ्या अक्षरांची सोय नाही, पण व्यवहार आपल्याला परका नाही. 'निवडणुकीत त्यांचे पानिपत झाले' असे म्हणताना हरियाणातले गाव कुणाच्या मनात नसते.

डॉनिब्रुक हेही गावच. डब्लिनच्या दक्षिणेला, डॉडर नदीच्या काठी. आता शहराचेच उपनगर. आयरिश भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ 'ब्रोकचे देऊळ' असा लावतात, आणि ब्रोक हे संताचे नाव मानतात. म्हणजे देवळावरून गाव, गावावरून जत्रा आणि जत्रेवरून मारामारी, असा या नावाचा प्रवास.

इंग्लंडचा राजा जॉन याने १२०४ साली डब्लिनच्या नागरिकांना इथे वार्षिक जत्रा भरवण्याची सनद दिली. डब्लिनचा किल्ला बांधण्याचा हुकूमही त्याच वर्षीचा. किल्ला सत्तेसाठी आणि जत्रा उत्पन्नासाठी, असा सरळ हिशेब. पुढे जत्रेचा हक्क खासगी घराण्यांकडे गेला आणि ती २६ ऑगस्टपासून भरू लागली. घोडे आणि गुरे यांची खरेदी-विक्री हा मूळ धंदा. त्याभोवती तंबू, तंबूत व्हिस्की, सारंगीवाले, नाच, कुस्त्या, बाहुल्यांचे खेळ. आपल्याकडच्या गुरांच्या मोठ्या बाजारात जे जे असते ते सगळे, वर दारू उघड्यावर.

मारामाऱ्या होत नव्हत्या असे मुळीच नाही. आयर्लंडच्या ग्रामीण भागात तेव्हा तट पडलेले असत. टिपरेरीकडे एका तटाला 'कॅराव्हॅट' (गळपट्टेवाले) आणि दुसऱ्याला 'शानाव्हेस्ट' (जुन्या बंडीवाले) अशी नावे होती. बाजाराच्या दिवशी गाठ पडली की लाठ्या निघत. लाठी ब्लॅकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाची किंवा ओकची. तिला 'शिलेली' म्हणत, आणि हे नाव विक्लो परगण्यातल्या एका गावाशी जोडले जाते. अंगातला कोट जमिनीवर फरफटत न्यायचा आणि त्यावर पाय देऊन दाखवा म्हणायचे, ही आव्हानाची रीत. कोट फरफटवणे हा इंग्रजीत पुढे 'मुद्दाम भांडण उकरून काढणे' या अर्थाचा वाक्प्रचारच झाला. डॉनिब्रुकच्या तंबूंतही डोकी फुटत. तरी ही तटबाजी मुळात खेड्यांची. राजधानीच्या वेशीवरची जत्रा तिचे माहेरघर नव्हते.

इथे एक साक्षीदार उपयोगी पडतो. हेर्मान फॉन प्यूक्लर-मुस्काउ हा जर्मन सरदार १८२८ साली ही जत्रा पाहायला घोड्यावरून गेला. स्वारी खरे तर श्रीमंत इंग्रज वधूच्या शोधात निघाली होती. वधू मिळाली नाही, पण घटस्फोटित पत्नीला लिहिलेली पत्रे मात्र छापून गाजली. त्याने दारिद्र्य पाहिले, घाण पाहिली, शेकडो झिंगलेली माणसे पाहिली, आणि काही लपवले नाही. पण इंग्रज गर्दीत दिसणारा रानटीपणा इथे नावालाही नाही, ही माणसे फ्रेंचांसारखी आनंदी आहेत आणि वर अधिक सुस्वभावी, असा त्याचा निष्कर्ष होता. परका माणूस, त्याला या बाजूचे वा त्या बाजूचे देणेघेणे नव्हते. म्हणून मला ही साक्ष वजनदार वाटते.

मग शब्दाच्या वाट्याला फक्त लाठीच का आली?

लंडनमध्ये स्मिथफील्डला बार्थॉलोम्यूची जत्रा भरत असे. तिची सनद ११३३ ची, म्हणजे डॉनिब्रुकहून जुनी. तिथेही दारू, पाकीटमारी, दंगे. ती १८५५ साली कायमची बंद पडली, आणि डॉनिब्रुकची जत्रा बंद झाली तीही १८५५ सालीच. दोन्ही राजसनदेच्या, दोन्ही बदनाम, दोन्हींचा शेवट एका वर्षी. पण मारामारीला 'बार्थॉलोम्यू' असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या गावाला अगदी सोडले असेही नाही. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजाराचे नाव शिवीगाळीला मिळाले, बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचे नाव 'बेडलम' होऊन गोंधळाला मिळाले. पण हाणामारीचा प्रश्न आला की ही भाषा अंकित प्रजेकडे वळलेली दिसते. 'पॅडी' हे आयरिश माणसाचे लाडके नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ संतापाचा झटका असाही झाला. १८९८ च्या सुमारास लंडनच्या वर्तमानपत्रांत रुळलेला 'हूलिगन' हाही बहुतेकांच्या मते आयरिश आडनावावरून आलेला. आणि आपला 'ठग' घ्या. मराठीत ठकास महाठक भेटतो तेव्हा रक्त सांडत नाही, फसवणूक होते. स्लीमनच्या मोहिमा आणि १८३९ ची मेडोज टेलरची कादंबरी यांनंतर इंग्रजीत तो गळा घोटणारा झाला आणि आज नुसता दांडगा गुंड उरला आहे. डॉनिब्रुक हा शब्द १९ व्या शतकाच्या मध्याला सामान्यनाम झाला, तो याच काळातला.

मात्र जत्रा बंद केली ती इंग्रजांनी नव्हे, हे नोंदवायलाच हवे. फादर मॅथ्यू यांची दारूबंदीची चळवळ १८३८ पासून देशभर पसरली होती. थॉमस ड्रमंड यांच्या कारकिर्दीत नव्या पोलीसदलाने तटांच्या लढाया मोडत आणल्या होत्या. मग १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ आला. म्हणजे मारामाऱ्या ओसरत असतानाच जत्रेवर घाव पडला. डब्लिनच्या प्रतिष्ठित मंडळींनी, त्यात महापौर जोसेफ बॉइस पुढे होते, समिती नेमली आणि १८५५ साली ३००० पौंड मोजून जत्रेचा हक्क विकत घेतला, तो वापरायचा नाही म्हणून. एका गुत्तेवाल्या कुटुंबाने आपल्या आवारात काही वर्षे जत्रा रेटली. अखेर १८६६ साली तिथे नवे कॅथलिक चर्च उघडले, तेही मुद्दाम २६ ऑगस्टला, प्रायश्चित्त म्हणून. सुशिक्षित आयरिश माणसाला त्या जत्रेची लाज वाटू लागली होती. ही लाज कितपत स्वतःची आणि कितपत दुसऱ्याच्या आरशात पाहून आलेली, हे वेगळे काढता येत नाही. पण त्या आरशाचा हात त्यात मोठा होता असे मला वाटते.

आज त्या भागात रग्बीचे मैदान आहे, आयर्लंडच्या सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीचे मुख्यालय आहे आणि घरांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहेत.

डॉनिब्रुक नावाचे आणखी एक गाव पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. डब्लिनहून गेलेल्या काही वसाहतकारांनी १८४२ साली, जत्रा अजून भरत होती तेव्हा, आपल्या गावाकडच्या आठवणीने ते नाव तिथे नेले. ते गाव सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे.